चादरीतला सिलेंडर

फाल्गुन निम्मा सरला की कडबा भरलेले ट्रॅक्टर सोलापूरच्या कडेकडेनं जायला लागतात. ट्रॉलीच्या दुप्पट रुंदीचा भारा असतो आणि रस्ताभर वाळकी पानं सांडत जातात. त्यातलं एखादं वाऱ्यावर भरकटत आमच्या शुक्रवार पेठेपर्यंत येतं. परवा असंच एक पान दुकानात शिरलं आणि थेट वजनकाट्यावर बसलं. माझं नट-बोल्टचं दुकान आहे. समोर गिऱ्हाईक पाव किलो वॉशर मागत उभं, आणि मी ते पान नाकाशी धरून उभा. गिऱ्हाईक म्हणालं, "शेट, वॉशर द्या की. चारा मागनं खावा." मी निमूट वॉशर मोजले. पान मात्र खिशात घातलं.

रानात सुगी लागली होती. सुगी म्हटलं की कुणाला ज्वारीची गरम भाकरी आठवते, कुणाला मामाचं गाव, कुणाला हाताला टोचलेलं कणसाचं कूस. मला आठवतो एक लाल सिलेंडर, दोन किलोचा, आग विझवायचा. मित्रांना हे सांगितलं तर ते हसतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. पण चार वर्षांपूर्वीची ती सगळी सुगी आमच्या घरात त्या सिलेंडरभोवतीच फिरत होती, त्याला मी तरी काय करू?

सुरुवात जीपपासून झाली. एका लिलावात मी जुनी फोर बाय फोर जीप घेतली. वर ताडपत्री, दरवाजांच्या जागी नुसती भोकं, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी आली तरी घरात चहाचं आधण पडावं. दर रविवारी आमची पाच-सहा जणांची टोळी अशाच गाड्या घेऊन माळावर, ओढ्यात, दगडधोंड्यांत घुसायची. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला हे खूळ कशाला, असं बायको विचारणार हे ठाऊक होतं. म्हणून मी उत्तर आधीच तयार ठेवलं होतं. म्हटलं, "अव्वांना रानात नेता येईल."

बायकोनं, म्हणजे महानंदानं, मला लगेच पकडलं. "माझ्या आईच्या नावावर तुमची हौस होय?"

निम्मं तिचं खरं होतं आणि निम्मं माझं. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. अक्कलकोटच्या पलीकडे, जिथे माणसं एक वाक्य मराठीत सुरू करून कन्नडमध्ये संपवतात, तिथे त्यांचं रान आहे. सासरे गेले, गुडघे गेले, आणि अव्वा आमच्याकडे सोलापूरला आल्या. रान मलकप्पा वाट्यानं करायचा. दर वर्षी ज्वारीची पोती घरी यायची. अव्वा पोत्यात कोपरापर्यंत हात घालायच्या, मूठभर दाणे वर काढायच्या आणि म्हणायच्या, "ही वड्याकडची. खालच्या पट्टीतली न्हाय." ओढ्याकडची कुठली आणि खालच्या पट्टीतली कुठली, हे त्या कशा ओळखायच्या ते मला अजून कळलेलं नाही. पण ओळखायच्या त्या पोत्यातूनच. तीन वर्षं त्यांनी सुगी डोळ्यांनी पाहिली नव्हती. डांबरी रस्ता संपला की ओढा, ओढ्यापुढे माळ, आणि मग रान. तिथे रिक्षा जात नाही, आणि त्यांच्या गुडघ्यांना ते अंतर म्हणजे परदेश.

जीप दारात आली त्या दिवशी अव्वा खुर्ची घेऊन उंबऱ्याशी बसल्या. जीपकडे बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "ही पेट्रोल पिती?"

"व्हय अव्वा."

"आनी रानातनं न्हेनार? पाल्यातनं? सुगीत?" त्यांनी मान हलवली. "ब्याडा, नको. मी न्हाय बसत."

अव्वा आमच्याशी मराठीत बोलतात, पण आगीला त्या कायम बेंकीच म्हणतात. महानंदानं मला त्या रात्री त्यांच्या नकाराचं कारण सांगितलं. ती लहान असताना ऐन सुगीत त्यांची कडब्याची गंजी पेटली होती. माणूस-जनावर वाचलं. पण वर्षभराचा चारा जळत होता आणि अव्वा समोर उभ्या होत्या. विहीर लांब, हातात काही नाही. "आई रडली नाही, ओरडली नाही," महानंदा म्हणाली. "नुसते दोन्ही हात खाली सोडून उभी होती. मला तिचे हातच आठवतात." त्यानंतर अव्वांनी चूल सोडून दुसऱ्या कुठल्या आगीशी संबंध ठेवला नाही. दिवाळीत फुलबाजीसुद्धा त्या लांबून बघतात.

आता सिलेंडरचं सांगतो. आमच्या रविवारच्या टोळीचा नियम होता, की आग विझवायचा सिलेंडर नसेल त्यानं माळावर यायचं नाही. मी नियम पाळला, म्हणजे सिलेंडर विकत आणला. पण तो मागच्या सीटखाली टाकला तर खड्ड्याखड्ड्याला घंटेसारखा वाजायचा. मग मी काय केलं? आम्ही सोलापूरकर. आमच्याकडे कुठल्याही अडचणीवर पहिला उपाय चादर. पाहुणे आले, चादर. टीव्ही गावाहून आणायचा, चादरीत. दुसऱ्या गावच्या साहेबाला खूश करायचं, तरी चादरच. मी घरातली एक जुनी जाड चादर काढली, सिलेंडर तिच्यात तीनदा गुंडाळला, वरून सुतळीनं करकचून बांधला आणि सीटखाली कोंबला. आवाज बंद. मी माझ्यावर खूश.

त्याच आठवड्यात महानंदानं आईची समजूत घालायला घेतली. "अगं, आग लागली तर विझवायचं यंत्र आहे जीपमध्ये. थांब, दाखवते." ती वाकली, सीटखालून गाठोडं ओढलं आणि सुतळी सोडायला लागली. माझी गाठ चांगली बसलेली. ती नखानं सुटेना, दातानं सुटेना. शेवटी मी कात्री आणायला आत पळालो. अव्वा खुर्चीत बसून हा सगळा सोहळा बघत होत्या. चादरीतून लाल तोंड बाहेर आल्यावर म्हणाल्या, "पोरगं आजारी हाय व्हय, पांगरून निजवलंय?" आणि मग माझ्याकडे वळून, अगदी मऊ आवाजात, "जावईबापू, बेंकी लागल्यावर तिला काय सांगायचं? थांब बाई, चादर सोडतोय म्हनून?"

गल्लीतले दोघेतिघे हसले. मीही हसलो, दुसरं करणार काय! पण त्या दिवशी अव्वांनी पहिल्यांदा नकाराऐवजी अट घातली. सीटवर थाप मारून म्हणाल्या, "हे हितं पायजे, पुढं, माझ्या हाताला. आनी हललं न्हाय पायजे. मग बसते मी."

सुगीचे तीनच आठवडे उरले होते. एकदा कणसं खुडून कडबा रचला की रान मोकळं होतं, बघण्यासारखं काही उरत नाही. पुढच्या सुगीला गुडघे कुठवर साथ देतील, हे डॉक्टरही सांगायला तयार नव्हते. म्हणजे जे करायचं ते या तीन आठवड्यांत. मी कामाला लागलो.

बोल्ट विकणाऱ्याला बोल्ट मारता येतोच, ही माझी अंधश्रद्धा. दोन सीटांच्या मध्ये, खालच्या पत्र्यात चार स्क्रू पिळले, एक पट्टी बसवली, आणि पंक्चरच्या ट्यूबच्या रबरानं सिलेंडर आवळला. हलवून बघितला. हलला नाही. महानंदाला घेऊन ओढ्यावर चाचणीला गेलो. पहिला उतार झाला, दुसरा झाला, तिसऱ्या दगडावर जीप आदळली आणि पत्र्यातून स्क्रू निघाले, अगदी भाकरीतून बोट काढावं इतक्या सहज. सिलेंडर सुटला, घरंगळला आणि बरोबर माझ्या ब्रेकच्या खाली जाऊन बसला. मी ब्रेक दाबतोय, ब्रेक दबत नाही. समोर बाभूळ. जीप बाभळीनंच थांबवली. काटे ताडपत्रीतून आत आले होते. महानंदा काही बोलली नाही. घरापर्यंत काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी मी चिंचोळी एमआयडीसीत रशीदभाईंच्या शेडवर गेलो. रशीदभाई कारखान्यांची लोखंडी कामं करतात आणि बोल्ट वर्षानुवर्षं माझ्याकडून नेतात. त्यांनी माझ्या जोडणीचे अवशेष बघितले. ट्यूबचं रबर दोन बोटांत धरून वर उचललं.

"क्या सेठ," ते म्हणाले, "पूरे सोलापूर कू बोल्ट बेचते तुम, और अपनी गाडी में ट्यूब बांधते?"

मग ते जीपच्या खाली वाकले.

"पत्रे कू नक्को पकडो. हड्डी कू पकडो."

हाड म्हणजे चासी, गाडीचा खालचा सांगाडा. त्यांनी जाड लोखंडाची पट्टी कापली, ती पत्र्यातून आरपार खालच्या आडव्या तुळईला धरली, आणि खालून हाताच्या तळव्याएवढे वॉशर घातले, म्हणजे ताण एका भोकावर न येता पसरतो. नट असे की थरथरीनं ढिले होत नाहीत. नटही माझ्याच दुकानातले निघाले! पट्टीवर स्टीलचा पाळणा, आतून रबर, आणि सिलेंडरला कमरेशी आणि छातीशी धरणारे दोन पट्टे. त्या पट्ट्यांना एकेक खिट्टी. दाबली की लागते, बोटानं वर उचलली की सुटते. हँडल पुढे, पिन वर, दाबाचा काटा बसणाऱ्याला दिसेल असा. सगळं झाल्यावर रशीदभाईंनी दोन्ही हातांनी सिलेंडर धरून गदागदा हलवला. अख्खी जीप हलली.

"हौ. अब ठीक है," ते म्हणाले. "हिली तो पूरी गाडी हिलना. ये अकेला नहीं हिलना."

मग त्यांनी खिट्ट्या उचलल्या आणि तोच सिलेंडर क्षणात त्यांच्या हातात होता.

मी तिथे उभा राहून त्या पाळण्याकडे बघत राहिलो. आयुष्यभर मी घट्ट बसणाऱ्या वस्तू विकल्या. घट्ट म्हणजे चांगलं, इतकंच मला कळत होतं. पण ही वस्तू घट्टही धरत होती आणि मागितल्या क्षणी सोडतही होती, आणि तिचं सगळं मोल या दुसऱ्या गोष्टीत होतं. चादरीत गुंडाळलेला सिलेंडर सुरक्षितच होता की. फक्त कुणाच्या कामाचा नव्हता. आणि मग परतीच्या वाटेवर, सगळीकडे तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्या आणि ऊन, माझ्या मनात आलं की अव्वांनाही आम्ही असंच ठेवलंय. बसा, उठू नका. पोळपाट राहू द्या, महानंदा करेल. जिना नको, बाजार नको. मायेनंच करत होतो, यात खोटं काही नाही. पण तीन वर्षांत आम्ही त्यांना एकही गोष्ट करू दिली नव्हती. मला लाज वाटली. ती अजून वाटते.

अव्वांनी नवी जोडणी तपासली ती नवं भांडं ठोकून बघावं तशी. सिलेंडर ढकलला, ओढला, वरून बुक्की मारली. मग देवघरात गेल्या, विभूतीची वडी आणली आणि त्या लाल अंगावर तीन पांढरी बोटं ओढली. एवढ्यावर थांबतील तर त्या अव्वा कसल्या? त्यांनी हँडल आणि पिन मिळून देवाचा नाडा सात वेढे घालून बांधला. महानंदानं तो बघितला आणि कपाळावर हात मारला. "अगं आई, पिन ओढायचीय ना? तू तर ती बांधून टाकलीस!" अव्वांनी आपल्याच गाठीकडे बघितलं. आदल्या आठवड्यात माझ्या सुतळीला हसलेल्या त्याच होत्या. त्यांनी नाडा सोडला, तो स्वतःच्या मनगटाला बांधला आणि म्हणाल्या, "मग मला बांदते. पिनीचं काय अडलंय?"

त्यानंतर त्या सिलेंडरची जबाबदारी त्यांनी काढून घेतली. काढून घेतली म्हणजे आम्हाला विचारलंही नाही. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी सिलेंडरमधली पावडर तळाशी घट्ट बसते, मधूनमधून तो उलटा करून हलवावा लागतो, आणि वेळ आलीच तर ज्वाळेच्या मुळाशी मारायचा, असं रशीदभाईंनी सांगितलं होतं. रोज सकाळी पूजा झाली की अव्वा काठी टेकत जीपपाशी यायच्या, आम्हा दोघांना धरून सीटवर चढायच्या, खिट्ट्या उचलायच्या, सिलेंडर मांडीवर उलटा घेऊन हलवायच्या आणि परत टपकन खिट्ट्या लावायच्या. पहिल्या दिवशी पाच मिनिटं लागली. आठव्या दिवसापासून मी दुकानाला निघताना चप्पल घालेपर्यंत त्यांचं झालेलं असायचं. शाळेतून येणाऱ्या पोरी थांबून बघायच्या. एकीनं विचारलं, "आजी, काय करताय?" अव्वा म्हणाल्या, "ताक."

हे लिहितोय तेव्हा आतल्या खोलीतून अव्वांचा फोनवरचा आवाज येतोय. पलीकडे मलकप्पा आहे. "आगूदर वड्याकडची काडा... व्हय... बायका किती आल्यात?" मध्येच कन्नड सुरू होतं आणि मला कळेनासं होतं, पण सूर कळतो. रानाच्या मालकिणीचा सूर आहे. चार वर्षांपूर्वी हा सूर या घरात नव्हता. बाहेर ऊन पांढरं पडलंय, आणि खिशातल्या पानाचा आता चुरा झालाय.

तर, त्या सुगीत आम्ही गेलो. सकाळीच निघालो. अव्वा पुढे, मनगटाला नाडा, हात सिलेंडरवर. मागे महानंदा, भाकऱ्या, शेंगाची चटणी, पिठलं आणि दह्याचा डबा. ओढ्यात जीप डावीकडे कलली तेव्हा अव्वांनी डोळे मिटले, पण हात काढला नाही. माळावर आल्यावर डोळे उघडले. पुढे रान दिसलं आणि त्या मान उंच करून बघायला लागल्या.

निम्मी ज्वारी उभी होती, निम्मी काढून आडवी पडली होती. बायका ओळीनं काढत पुढे सरकत होत्या. मागे बुचाडं रचलेली, म्हणजे पेंढ्या उभ्या करून केलेले ढीग. सगळीकडे तो कोरडा गोड वास. मी एका बुचाडाच्या जवळ, सावली बघून जीप लावली. महानंदा आणि मी उतरून मलकप्पाकडे चालायला लागलो. अव्वा म्हणाल्या, "तुमी व्हा म्होरं. मी बगते हितनंच, वाईच." त्यांना एकटीनं रान बघायचं होतं. मला ते समजलं आणि मी थांबलो नाही.

तेवढं समजलं, पण जीप मी कुठे लावली हे मात्र समजलं नाही. चासीच्या खाली घोटाभर वाळका पाला होता, आणि दीड तास तापलेला सायलेन्सर. नट-बोल्टच्या दुकानातला माणूस रानात आला की असा वागतो.

"बेंकी!"

मी वळलो. जीपच्या पोटाखालून धूर येत होता आणि धुरात पिवळं काहीतरी नाचत होतं. बुचाड तिथून दहा पावलांवर. मी पळत सुटलो, आणि पळताना मला दिसलं, की पुढची सीट रिकामी आहे.

ज्या बाईला पायरी उतरायला दोन माणसं लागायची ती खाली उतरली होती. एक हात मडगार्डवर, दुसऱ्या हातात सिलेंडर. तिनं पिन दातात धरून ओढली की हातानं, हे मला आजही सांगता येणार नाही. ती दोन पावलं मागे सरली, थोडी वाकली, ज्वाळेवर न मारता ज्वाळेच्या मुळाशी नळी धरली आणि हँडल दाबलं. पांढरा लोट उठला. त्यात जीप गेली, अव्वा गेल्या, धूर गेला. मी पोचेपर्यंत सिलेंडर फुसफुसत रिकामा झाला होता आणि जीपच्या खाली नुसती पांढरी पावडर आणि काळा पाला उरला होता. मलकप्पानं फावड्यानं माती ओढली, बायकांनी घागरी ओतल्या. बुचाडाचं एक पान करपलं नव्हतं.

अव्वा तिथेच मातीत बसल्या. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या. त्या आपले दोन्ही हात वर धरून, उलटसुलट करून बघत होत्या. महानंदा त्यांच्याशेजारी बसली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. मग मलकप्पाची बायको म्हणाली, "अव्वा, येवडी विभूती कुनी लावली वं?" आणि काढणीला आलेल्या सगळ्या बायका हसल्या. अव्वाही हसल्या. इतकं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

नंतर आम्ही बुचाडाच्या सावलीत जेवलो. अव्वांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, खालच्या पट्टीपर्यंत महानंदाच्या खांद्याला धरून चालत गेल्या, एक कणीस हातात चोळून फुंकर मारली आणि दाणे तोंडात टाकले. दिवस कलायला लागला. मी जीपच्या खाली आडवा होऊन पाल्याचं शेवटचं काडूक काढलं, वायरी बघितल्या, इंजिन सुरू करून बघितलं. सगळं ठीक होतं. फक्त सिलेंडरचा काटा तळाला लागला होता. परत त्याच माळावरून, त्याच वाळक्या गवतातून जायचं होतं.

मी अव्वांपाशी गेलो. म्हटलं, "अव्वा, आज तुमी हितंच ऱ्हावा, मलकप्पाकडं. उद्या मी सिलेंडर भरून आनतो, मग जाऊ."

अव्वा उठून जीपपाशी आल्या. मडगार्डला धरलं, पाय उचलला, आणि कुणी हात द्यायच्या आत सीटवर चढून बसल्या. पदरानं तोंडावरची पावडर पुसली, रिकामा सिलेंडर पाळण्यात ठेवला आणि दोन्ही खिट्ट्या लावल्या.

"अव्वा, रिकामा हाय ओ तो," मी म्हणालो.

"असू द्या की," त्या म्हणाल्या. "मी हाय न्हवं? चला."